सगळ्याच विद्यार्थ्यांना युनिक्स शेल अकाउंट द्यावं का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शेल अकाउंट म्हणजे नेमकं काय?

विद्यापीठाचा एक सर्व्हर असतो, चोवीस तास चालू. त्यावर युनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम असते, हल्ली बहुतेक ठिकाणी तिच्यासारखीच लिनक्स. त्यावर तुमच्या नावाने खातं उघडलेलं असतं: युजरनेम, होम डिरेक्टरी, ठरवून दिलेली डिस्कची जागा आणि कमांड टाइप करायला शेल, म्हणजे बॅश किंवा झेडशेलसारखा प्रोग्राम. घरून, हॉस्टेलवरून, प्रवासात, कुठूनही एसएसएचने, म्हणजे दूरच्या मशीनला सुरक्षितपणे जोडणाऱ्या प्रोग्रामने, लॉगिन करायचं. स्क्रीनवर फक्त एक प्रॉम्प्ट, म्हणजे कमांडची वाट पाहणारी खूण, दिसतो, पुढचं सगळं तुम्ही टाइप करायचं.

त्याच मशीनवर त्याच वेळी आणखी शेकडो जण काम करत असू शकतात. खालची बरीच उत्तरं याच एका गोष्टीवर उभी आहेत.

एका वाक्यात सांगा: द्यावं की नाही?

द्यावं. शाखा न विचारता, पहिल्या वर्षापासून, कुणाच्या शिफारशीची सही न मागता. फक्त तो सर्व्हर सांभाळण्याची जबाबदारी एखाद्या माणसाकडे नावानिशी असली पाहिजे. तेवढं जमत नसेल तर सुरूच करू नये.

ही कल्पना नवीन आहे का?

नाही, युनिक्सच्याही आधीची आहे. १९६४ साली डार्टमथ कॉलेजात जॉन केमेनी आणि थॉमस कर्ट्झ यांनी टाइम-शेअरिंगची, म्हणजे एकच कॉम्प्युटर अनेकांनी एकाच वेळी वापरण्याची, व्यवस्था उभी केली. तेव्हा त्यांचा आग्रह हाच होता की ग्रंथालय जसं सगळ्यांना खुलं असतं तसा कॉम्प्युटरही असावा, गणिताच्या विद्यार्थ्याला आणि साहित्याच्याही. बेसिक ही भाषा त्यासाठीच तयार झाली. विशेष म्हणजे त्या व्यवस्थेचं प्रोग्रामिंग बऱ्याच अंशी पदवीच्या विद्यार्थ्यांनीच केलं होतं.

युनिक्स १९६९ मध्ये बेल लॅब्जमध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांच्या हातून सुरू झालं आणि १९७०च्या दशकात विद्यापीठांमध्ये पसरलं. बर्कलीतल्या विद्यार्थ्यांनी आणि संशोधकांनी त्यात इतकी भर घातली की बीएसडी ही वेगळी शाखाच झाली. व्हीआय एडिटर तिथलाच, बिल जॉय या विद्यार्थ्याने लिहिलेला. १९८३ मध्ये एमआयटीत प्रोजेक्ट अथीना सुरू झाला, तोही सगळ्या विद्यार्थ्यांसाठीच. आज कंपन्यांमध्ये लॉगिनसाठी वापरलं जाणारं कर्बेरॉस आणि स्क्रीनवर खिडक्या दाखवणारं एक्स विंडो ही दोन्ही त्याच प्रकल्पातून निघाली.

१९९०च्या दशकात अनेक विद्यापीठांत ईमेल वापरायची म्हणजे शेल अकाउंटवर जाऊन पाइन हा मेलचा प्रोग्राम उघडायचा, अशी पद्धत होती. इतिहासाचा विद्यार्थीही तेच करायचा. मग ब्राउझरमधली मेल आली, अभ्यासक्रमाची पोर्टलं आली, प्रत्येकाकडे लॅपटॉप आला. शेलची गरज कमी झाली असं समजून बऱ्याच ठिकाणी ही सोय हळूहळू एका विभागापुरती उरली. बंद करायचा निर्णय फार थोड्या ठिकाणी विचार करून घेतला गेला असेल. जुना सर्व्हर निवृत्त झाला आणि नवा कुणी मागितला नाही, एवढंच घडलं.

माझ्या लॅपटॉपवर लिनक्स चालतं. मॅकवर टर्मिनल आहे, विंडोजवर २०१६ पासून, आतच लिनक्स चालवणारं, डब्ल्यूएसएल आहे. मग विद्यापीठाचं अकाउंट कशाला?

हा सगळ्यात रास्त प्रश्न आहे. कमांड शिकायच्या असतील तर लॅपटॉप पुरेसा आहे, तिथे वाद नाही.

पण लॅपटॉपवर तुम्ही एकटे असता आणि मालकही तुम्हीच असता. काही अडलं की कमांडच्या पुढे सुडो, म्हणजे सर्वाधिकार देणारा शब्द, लावायचा आणि एंटर मारायचं. फाइलच्या परवानग्या कशासाठी असतात हे तिथे कळायचं कारणच नाही, कारण तुमच्यापासून लपवावं असं तिथे दुसरं कुणी नाही. सामायिक मशीनवर पहिल्याच आठवड्यात 'परमिशन डिनाइड' दिसतं. का दिसलं हे शोधताना वापरकर्ता, गट आणि इतर या तीन पायऱ्या डोक्यात पक्क्या बसतात.

एक छोटी गोष्ट जवळून बघा. एखादी विद्यार्थिनी डेटाबेसला जोडण्यासाठी कमांडच्या ओळीतच पासवर्ड लिहिते. कमांड चालते, काम होतं. शेजारच्या खोलीतला कुणी त्याच वेळी सगळ्यांच्या चालू प्रोसेस बघायला पीएस चालवतो, आणि साध्या मांडणीच्या सर्व्हरवर त्याला ती पूर्ण ओळ दिसते, अनेक प्रोग्रामांच्या बाबतीत पासवर्डसकट. ॲडमिनला प्रोसेसची यादी ज्याची त्याला दिसेल अशी सेटिंग करता येते आणि ती करावीच. पण 'कमांडच्या ओळीवर गुपित लिहायचं नाही' हा नियम जिने असा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला ती तो जन्मभर विसरत नाही. लॅपटॉपवर हा धडा मिळणं अवघड आहे.

शिवाय हा सर्व्हर बंद होत नाही. लॅपटॉपचं झाकण मिटलं की काम थांबतं. इथे टीमक्समध्ये, म्हणजे तुम्ही बाहेर पडल्यावरही काम चालू ठेवणाऱ्या प्रोग्राममध्ये, रात्रभराचं काम लावून झोपता येतं, सकाळी दुसऱ्याच मशीनवरून लॉगिन करून निकाल बघता येतो. चार जणांच्या प्रोजेक्टला एक सामायिक डिरेक्टरी मिळते. आणि सगळ्यांकडे तीच आवृत्ती, तेच कंपायलर, त्यामुळे 'माझ्याकडे चालतंय, तुझ्याकडे का नाही' यात प्रॅक्टिकलचा अर्धा तास जात नाही.

कॉम्प्युटर सायन्सच्या मुलांपुरतं ठेवलं तर काय बिघडलं?

ज्यांना ही हत्यारं कुठूनही मिळणारच आहेत त्यांनाच ती दिली, हे बिघडलं.

इतिहासाचा एक विद्यार्थी घ्या. त्याच्याकडे एका जुन्या मासिकाचे स्कॅन करून मजकुरात बदललेले बाराशे अंक आहेत, प्रत्येक अंकाची एक फाइल, नाव वर्ष आणि महिन्यावरून: १८९०-०३, १८९०-०४ अशा क्रमाने. कोणत्या वर्षी किती अंकांत कॉलऱ्याचा उल्लेख आहे, हे त्याला हवंय. फाइली एकेक उघडून शोधायच्या तर कित्येक दिवस जातील. शेलवर एक ओळ पुरते:

ग्रेप -एल कॉलरा * | कट -सी १-४ | युनिक -सी

ग्रेप शब्द असलेल्या फाइलींची नावं देतो. कट त्या नावांची पहिली चार अक्षरं, म्हणजे वर्ष, कापून पुढे पाठवतो. युनिक एकसारखी वर्षं मोजतो. काही सेकंदांत वर्षवार तक्ता समोर येतो. मधली उभी रेघ, म्हणजे पाइप, युनिक्समध्ये १९७३ मध्ये आली, डग मॅकिलरॉय यांच्या आग्रहामुळे. एका प्रोग्रामने दिलेलं उत्तर दुसऱ्याच्या हाती द्यायचं, एवढीच ती कल्पना, आणि अजून तिला तोड नाही.

खरी मजा त्यापुढे आहे. तक्त्यात एक वर्ष पूर्ण रिकामं दिसतं. साथ नव्हती, की स्कॅन वाचणाऱ्या प्रोग्रामने त्या वर्षीचा झिजलेला टाइप चुकीचा वाचला? विद्यार्थी फाइल उघडतो, शब्द भलताच उमटलेला दिसतो, शोधाचा नमुना बदलून पुन्हा चालवतो. आपल्या साधनावर कितपत विश्वास ठेवायचा हे त्याला तिथे कळतं. हे शिक्षण संगणकशास्त्राचं नाही, इतिहासाचंच आहे.

वनस्पतिशास्त्रात मोजमापांच्या शेकडो फाइली असतात, भाषाशास्त्रात मजकुराचे साठे, अर्थशास्त्रात सर्वेक्षणांचे तक्ते. संशोधकांना मोठेपणी हे शिकवावं लागतं म्हणून तर सॉफ्टवेअर कार्पेंट्री हा उपक्रम १९९८ पासून चालला आहे, आणि त्याच्या मूळ धड्यांत शेल आहेच. पीएचडीला पोचल्यावर दोन दिवसांच्या कार्यशाळेत जे घाईघाईने गळी उतरवायचं, ते पदवीच्या तीन-चार वर्षांत सावकाश अंगवळणी पडू शकतं.

ब्राउझरमध्ये नोटबुक किंवा क्लाउडवर मशीन दिलं तर चालणार नाही का?

नोटबुक, म्हणजे ब्राउझरमध्येच कोड लिहून चालवायचं पान, ही चांगली सोय आहे आणि ती शेलसोबत देता येते. अनेक ठिकाणी ज्युपिटर नोटबुक त्याच सर्व्हरवर चालतं आणि त्यातच टर्मिनलही उघडतं.

क्लाउडच्या मोफत कोट्याबद्दल मात्र मी सावध आहे. तिथे बहुतेक वेळा कार्डाचा नंबर द्यावा लागतो, आणि चालू राहिलेल्या मशीनचं बिल विद्यार्थ्याच्या नावावर येऊ शकतं. पहिल्या वर्षाच्या मुलाने प्रयोग करताना बिलाची धास्ती बाळगावी, ही शिकण्याची जागा नव्हे. विद्यापीठाच्या सर्व्हरवर चूक झाली तर फार तर प्रोसेस मारली जाते.

मुलं खरंच वापरतील का?

सगळी नाही वापरणार. ग्रंथालयाचं कार्डही सगळी वापरत नाहीत.

सुरक्षेचं काय? हजारो अकाउंट म्हणजे हजारो दरवाजे.

चिंता खरी आहे, आणि तिला इतिहासही आहे. २ नोव्हेंबर १९८८ ला कॉर्नेलच्या एका पदव्युत्तर विद्यार्थ्याने सोडलेला वर्म, म्हणजे स्वतःच्या प्रती काढत पसरणारा प्रोग्राम, इंटरनेटवरच्या बीएसडी युनिक्सच्या मशीनांमध्ये पसरला. सेंडमेल आणि फिंगर या सेवांमधल्या उणिवा, मशीनांचा एकमेकांवरचा आंधळा विश्वास आणि सहज ओळखता येणारे पासवर्ड, एवढ्यावर त्याने विद्यापीठांचे सर्व्हर लोळवले. त्याच काळात लोक टेलनेटने लॉगिन करत, म्हणजे पासवर्ड तारेवरून उघडा जायचा. १९९५ मध्ये हेलसिंकीच्या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या नेटवर्कवर असेच पासवर्ड चोरले गेले आणि त्यावर उपाय म्हणून तिथल्याच तातू य्लोनेन यांनी एसएसएच लिहिलं. आज जगातले सर्व्हर ज्याच्या भरवशावर चालतात ते साधन विद्यापीठाच्याच जखमेवरचं औषध आहे.

शेल अकाउंटचा खास धोका आतून येतो. एकदा आत आलेल्या साध्या वापरकर्त्याला रूट, म्हणजे सर्वाधिकार असलेला वापरकर्ता, होता येईल अशी फट सॉफ्टवेअरमध्ये निघाली की प्रत्येक अकाउंट महत्त्वाचं ठरतं. जानेवारी २०२१ मध्ये सुडोमध्येच अशी चूक जाहीर झाली, ती २०११ पासून तिथे होती. अशा वेळी दुरुस्ती त्याच दिवशी बसवायला कुणीतरी लागतं. म्हणून सुरुवातीला नावानिशी माणसाचा आग्रह धरला.

बाकीची तयारी काही गूढ नाही. पासवर्डऐवजी किल्लीने लॉगिन, किंवा पासवर्डसोबत दुसरा टप्पा. विद्यार्थ्यांचा सर्व्हर वेगळ्या नेटवर्कवर, म्हणजे तिथून फी, निकाल आणि पगाराच्या मशीनांपर्यंत वाटच नाही. नको त्या सेवा बंद. लॉग दुसऱ्या मशीनवर, कारण आत शिरलेला माणूस आधी लॉग पुसतो. सर्व्हर बिघडलाच तर पुसून तासा-दोन तासांत नव्याने उभा करता येईल अशी लिखित मांडणी. हा सर्व्हर कधीतरी फुटेल असं गृहीत धरून रचला, तर फुटल्यावर नुकसान त्याच्यापुरतं राहतं.

उलट बाजूही पाहा. अकाउंट दिलं नाही म्हणून मुलं सर्व्हर चालवायचं थांबत नाहीत. हॉस्टेलच्या खोलीत, कधीच अपडेट न झालेल्या मशीनवर चालवतात, आणि त्याची कुणाकडे नोंद नसते.

एका विद्यार्थ्याने सगळं मशीन अडवून ठेवलं तर?

अडवेल. प्रोसेस तयार करण्याचा धडा शिकताना कुणीतरी फोर्क, म्हणजे नवी प्रोसेस काढणारी आज्ञा, चुकीच्या लूपमध्ये लिहितो. एकाच्या दोन, दोनाच्या चार असं होत सर्व्हर गुदमरतो आणि कुणालाच लॉगिन करता येत नाही. असं जवळजवळ दर वर्षी व्हावं असंच हे आहे, आणि त्याचं उत्तर फार पूर्वी सापडलेलं आहे: प्रत्येक वापरकर्त्याला प्रोसेसची, मेमरीची आणि डिस्कची मर्यादा. डिस्कचा कोटा बीएसडीमध्ये १९८३ पासून आहे, आणि लिनक्समध्ये सी-ग्रुप्सने सीपीयू आणि मेमरीही वाटून देता येते. मर्यादा घातलेली असली की ज्याचा लूप त्याचंच टर्मिनल अडकतं, इतरांना पत्ताही लागत नाही.

क्रिप्टोचं खाणकाम करणारेही निघतात. नियमावलीत स्पष्ट मनाई लिहा, सीपीयूवर नजर ठेवा.

कारवाईबाबत माझं ठाम मत आहे: चुकून मशीन पाडणाऱ्याला शिक्षा करू नका. त्याला बोलवा, काय झालं ते लॉगमध्ये दाखवा. मुद्दाम दुसऱ्याच्या फाइलींत शिरणाऱ्याचा प्रश्न वेगळा आहे, तिथे शिस्तीचे नियम लागू करा. हे दोन प्रकार एकाच कलमात घातले की मुलं चूक झाल्यावर सांगायला येत नाहीत, लपवतात.

एकमेकांच्या असाइनमेंट कॉपी करतील.

होम डिरेक्टरी सुरुवातीपासूनच फक्त मालकाला वाचता येईल अशी ठेवा, म्हणजे ७०० परवानगी. ज्याला वाटून घ्यायचंय तो स्वतःहून चमॉड या कमांडने परवानगी बदलेल. कॉपी करणाऱ्याला मेसेंजर आणि पेन ड्राइव्ह आधीपासून आहेच.

ॲडमिनला माझ्या फाइली दिसतात का?

हो. रूटला सगळं वाचता येतं, आणि विद्यार्थ्यांना हे पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगायला हवं. कोणत्या कारणासाठी, कुणाच्या परवानगीने फाइली उघडल्या जातील आणि संबंधिताला कधी कळवलं जाईल, हे लिहून जाहीर करावं. ज्या विद्यापीठाला एवढं एक पान लिहायचं जड जातं त्याच्याकडे खासगी मजकूर ठेवू नका.

खर्च किती येतो?

आकडा विद्यापीठागणिक बदलेल, पण हिशेबाची पद्धत सांगतो. शेलवर मजकूर लिहिणारा माणूस मशीनला फारसा भार देत नाही, त्यामुळे एका बऱ्यापैकी सर्व्हरवर शेकडो जण एकाच वेळी मावतात. ३०,००० विद्यार्थ्यांना प्रत्येकी २ जीबी दिली तर कागदावर ६० टीबी होतात. प्रत्यक्षात बहुतेकांची जागा जवळजवळ रिकामी असते. सॉफ्टवेअरला पैसे पडत नाहीत.

मोठा खर्च माणसाचा आणि बॅकअपचा. प्रस्तावात नेमक्या या दोन ओळी गाळलेल्या असतात, आणि दोन वर्षांनी सेवा मरते ती त्यामुळेच. बॅकअप नुसता घेतलेला पुरत नाही, त्यातून एखादी फाइल परत आणून पाहिलेली असली पाहिजे.

म्हणजे प्रवेश झाल्याबरोबर सगळ्यांचं अकाउंट उघडायचं?

हक्क सगळ्यांना, पण अकाउंट मागेल त्याला. विद्यार्थ्याने पोर्टलवर एक बटण दाबावं, नियमांचं पान वाचावं, आणि काही मिनिटांत अकाउंट चालू व्हावं. कुणाची मंजुरी नको, कारण विचारायचं नाही. न वापरलेली हजारो अकाउंट उघडी ठेवण्यात फायदा काहीच नाही, आणि चोरीला गेलेला पासवर्ड नेमका अशाच अकाउंटवर महिनोन्महिने कुणाच्या लक्षात न येता वापरला जातो.

माझ्याकडे फक्त मोबाइल आहे.

मग तुम्हाला याचा सगळ्यात जास्त उपयोग आहे. फोनवर एसएसएचचं ॲप टाका, जमलं तर स्वस्त ब्लूटूथ कीबोर्ड जोडा. काम सर्व्हर करतो, फोनला फक्त अक्षरं दाखवायची असतात. नेट तुटत असेल तर एसएसएचऐवजी मॉश वापरा, ते २०१२ मध्ये एमआयटीत याचसाठी तयार झालं, सर्व्हरवर मात्र ते बसवलेलं हवं. महागडा लॅपटॉप असलेला आणि नसलेला विद्यार्थी एकाच ताकदीच्या मशीनवर काम करतात, असं घडवणाऱ्या सोयी शिक्षणात फार नाहीत.

दृष्टिहीन विद्यार्थ्यांना जमेल का?

टर्मिनलमध्ये सगळा मजकूरच असल्याने स्क्रीन रीडर आणि ब्रेल डिस्प्ले तिथे चांगले चालतात. टी. व्ही. रमण यांनी स्वतःच्या गरजेतून १९९०च्या दशकात एमॅकस्पीक हा मजकूर बोलून दाखवणारा प्रोग्राम लिहिला, तो याच जगातला. मात्र पूर्ण स्क्रीन व्यापणारे मेनूवाले प्रोग्राम त्रास देतात, त्यामुळे पहिल्या दिवसाची माहिती साध्या ओळींत मिळेल असं बघा.

नोकरीत उपयोग होतो का?

होतो. नोव्हेंबर २०१७ पासून जगातल्या सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांच्या यादीतलं प्रत्येक मशीन लिनक्सवर चालतं, आणि वेबवरचे बहुसंख्य सर्व्हरही.

शिक्षण संपल्यावर अकाउंटचं काय करायचं?

पदवीनंतर निदान सहा महिने चालू ठेवा, आधी दोन-तीनदा कळवा, आणि सगळ्या फाइली एकत्र बांधून उतरवून घ्यायची एकच कमांड द्या. होम डिरेक्टरीतलं वेबपान असेल तर त्याचा पत्ता नव्या जागेकडे वळवायची सोय करा. जुनी वेबपानं एका रात्रीत गायब करणं ही वाईट सवय आहे. विद्यार्थ्यांचं कितीतरी चांगलं लेखन असंच नाहीसं झालं.

आमच्या विद्यापीठात असं काहीच नाही आणि प्रशासन ऐकत नाही. आम्ही विद्यार्थी काय करू शकतो?

स्वतः चालवा. बर्कलीत ओपन कम्प्युटिंग फॅसिलिटी १९८९ पासून विद्यार्थीच चालवतात आणि तिथल्या विद्यार्थ्यांना शेल अकाउंट देतात. आयआरसी ही गप्पांची सेवाही १९८८ मध्ये फिनलंडच्या औलू विद्यापीठाच्या सर्व्हरवर सुरू झाली, आणि लिनक्सची सुरुवात लिनस टॉरवाल्ड्सने घरून विद्यापीठाच्या युनिक्स मशीनला जोडण्यासाठी लिहिलेल्या टर्मिनल प्रोग्रामातून झाली.

आधी एक शिक्षक तयार करा, जे कागदोपत्री जबाबदारी घेतील. मग बाद झालेलं एखादं मशीन आणि नेटवर्क विभागाची लेखी परवानगी मागा. परवानगीशिवाय सर्व्हर जोडू नका, पहिल्याच तक्रारीत सगळं बंद होईल. पन्नास जणांपासून सुरू करा. रूटचा पासवर्ड निदान तिघांकडे असू द्या, त्यातला एक तरी पहिल्या-दुसऱ्या वर्षाचा, नाहीतर शेवटच्या वर्षाची मुलं बाहेर पडली की सर्व्हर पोरका होतो. दर वर्षी प्रवेश संपले की नव्या मुलांना बसवून लॉगिन, परवानग्या आणि मॅन पानं, म्हणजे कमांडची माहितीपत्रकं, कशी वाचायची, एवढं शिकवा. आणि कोण काय करतंय याची नोंद ठेवा. वर्षभराने प्रशासनाकडे पुन्हा जाताना कोणत्या शाखेच्या किती मुलांनी अकाउंट वापरलं, हा तक्ता सोबत न्या.